जामीन राहता येईल असा माल

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी निवृत्तीनंतरचा आपला वेळ ग्राहक चळवळीला दिला. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून, इंटरनेटवर माल सुचवून कमिशन मिळवण्याविषयी बोलणे काहींना खटकेल. खटकलेच पाहिजे. म्हणून विषय मी मुद्दाम आवळून घेतला आहे. कमाई किती होते, कशी होते, हे सांगणारे व्हिडिओ पैशाला पासरी पडले आहेत. मला बोलायचे आहे ते निवडीबद्दल. कमिशन मिळणार हे ठाऊक असताना कोणत्या वस्तूची शिफारस करावी आणि कोणत्या वस्तूला हातही लावू नये, एवढाच आजचा प्रश्न.

धंद्याचे स्वरूप आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही एखाद्या वस्तूबद्दल लिहिता किंवा व्हिडिओ करता. खाली त्या वस्तूची लिंक देता. त्या लिंकमध्ये तुमची खूण असते. कोणी त्यावरून जाऊन खरेदी केली, की विकणारी कंपनी तुम्हाला ठरलेला टक्का देते. याला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. अमेरिकेत सीडीनाऊ या संगीताच्या दुकानाने १९९४ मध्ये आणि ॲमेझॉनने जुलै १९९६ मध्ये, म्हणजे ती मुख्यतः पुस्तके विकत होती तेव्हा, ही पद्धत सुरू केली. ॲमेझॉनचे भारतातले दुकान जून २०१३ मध्ये उघडले आणि ती पद्धत आपल्याही दारात आली.

कल्पना मात्र आपल्याला नवी नाही. मार्केट यार्डातला अडत्या, पोस्टाच्या अल्पबचतीची एजंट ताई, विम्याचा एजंट ही सगळी कमिशनवर चालणारीच माणसे. पण विम्याच्या एजंटाला परीक्षा द्यावी लागते, कंपनीकडून रीतसर नेमणूक घ्यावी लागते. अडत्याला बाजार समितीचा परवाना लागतो. लिंक देणाऱ्याला परीक्षा नाही, परवाना नाही, वयाची वरची अट नाही. फोन आणि बँकेचे खाते असले की झाले. त्यामुळे कोणता माल लोकांपुढे न्यायचा, याचा सगळा भार त्याच्या स्वतःच्या विवेकावर येतो.

आता हिशेब. समजा, २,००० रुपयांची वस्तू आहे आणि कमिशन ४ टक्के. एका विक्रीमागे ८० रुपये. शंभर जणांनी लिंक उघडली आणि तिघांनी खरेदी केली, तर २४० रुपये. तिघांपैकी एकाने वस्तू परत केली, तर त्याचे ८० वजा. परत आलेल्या मालावर कमिशन मिळत नाही. शिवाय ॲमेझॉनच्या नियमानुसार लिंक उघडल्यापासून साधारण २४ तासांत वस्तू खरेदी झाली किंवा निदान कार्टमध्ये पडली, तरच तुमचा हक्क. गिऱ्हाईक 'पगार झाल्यावर बघू' म्हणाले, की तुमचे श्रम फुकट. आपल्याच लिंकवरून आपणच खरेदी करून कमिशन घ्यावे, तर तेही नियमात बसत नाही.

पहिल्या दोन महिन्यांत माणूस हा हिशेब मांडतो आणि त्याची नजर वस्तूवरून उठून दराच्या तक्त्यावर जाते. मोबाइलवर कमिशन फार थोडे, कपड्यांवर आणि सौंदर्यप्रसाधनांवर त्याहून बरे, ऑनलाइन कोर्सवर आणि डाउनलोड करायच्या पुस्तकांवर तर भरघोस. क्लिकबँकसारख्या संकेतस्थळावर अशा डिजिटल मालावर ५० ते ७५ टक्के कमिशन सर्रास दिसते. मग वाटते, ८० रुपयांसाठी एवढी मरमर कशाला? निवड चुकते ती इथे.

दर एवढा मोठा का असतो, हे समजून घ्या. प्रेशर कुकर बनवायला ॲल्युमिनियम लागते, कारागीर लागतो, वाहतूक लागते. त्यातून उरलेल्या नफ्यातला चतकोर तुकडा तुमच्या वाट्याला येतो. डिजिटल कोर्सची दुसरी प्रत काढायला काहीच खर्च येत नाही. १०,००० रुपयांच्या कोर्सवर ५,००० रुपये तुम्हाला मिळत असतील, तर गिऱ्हाइकाच्या पैशातला निम्मा भाग शिकवण्यावर नाही, विकण्यावर गेला. दर मोठा म्हणजे माल वाईटच, असे नाही. पण दर जितका मोठा तितकी तपासणी कडक, एवढे पथ्य पाळायलाच हवे.

मग कसोटी कोणती लावायची? पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्याचा प्रसंग इथल्या बहुतेकांवर आला असेल. सही करताना आपण व्याजाचा दर बघत नाही, कर्ज घेणारा माणूस बघतो. त्याची नोकरी काय, घरचे वळण कसे, मागचे कर्ज फेडले का. कारण हप्ता थकला की नोटीस आपल्या घरी येणार. शिफारशीचेही तेच आहे. फरक इतकाच की वस्तू बिघडली तर नोटीस येत नाही. लोक फक्त पुन्हा विचारायला येत नाहीत. तेव्हा ज्या मालाला तुम्ही जामीन राहू शकता, तोच तुमचा माल. जामीन राहण्यासाठी तो माल तुम्हाला आतून-बाहेरून कळायला हवा. आणि तसा कळतो तो तीस-पस्तीस वर्षे हातात धरलेल्या कामातून.

इथे निवृत्तांची बाजू भक्कम आहे. विशीतल्या मुलाकडे कॅमेरा चांगला असतो, संकलन झकास असते. पण वस्तू वापरात कशी टिकते, हे त्याने पाहिलेले नसते. तुम्ही पाहिलेले असते.

दोन वस्तू जरा जवळून बघू. पहिली, घरी रक्तदाब मोजायचे यंत्र. दराच्या तक्त्यावरून निवडणारा माणूस त्याची किंमत, रंग आणि ब्लूटूथ आहे की नाही, एवढे सांगेल. एखादी निवृत्त परिचारिका पहिला प्रश्न विचारेल तो कफचा, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचा. यंत्राबरोबर येणारा नेहमीचा कफ साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड त्याहून जाड असला आणि कफ तोच वापरला, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. घरात घबराट उडते, कोणी आपल्या मनाने गोळी वाढवते. म्हणून आधी शिवणकामाची टेप घ्या, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा आणि मग यंत्र निवडा, असे ती सांगेल. मनगटावर बांधायचे यंत्र सोयीचे दिसते, पण हात हृदयाच्या पातळीवर धरला नाही तर त्याचा आकडा भरवशाचा नसतो, हेही सांगेल. मोठा कफ वेगळा मिळतो का, अंक चष्म्याशिवाय वाचता येतात का, ॲडॉप्टर बरोबर येतो की सेल बदलत बसायचे, हे बघेल. खोक्यावर परवाना क्रमांक आहे का, तेही पाहील; कारण रक्तदाबमापक आता आपल्याकडे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आले आहेत.

या परिचारिकेने कोणतेही यंत्र 'सर्वोत्तम' म्हटलेले नाही. कोणाला कोणते चालेल आणि कोणाला चालणार नाही, ते सांगितले आहे. तिच्या शब्दावर घेतलेले यंत्र परत जाण्याची शक्यता कमी. म्हणजे प्रामाणिकपणाचा फायदा इथे रोख आहे.

दुसरी वस्तू, शेतातला १६ लिटरचा बॅटरीवरचा फवारणी पंप. जाहिरातीत लिटर, व्होल्ट आणि 'एका चार्जमध्ये इतक्या टाक्या' एवढेच असते. निवृत्त कृषी सहायक वेगळ्याच गोष्टी बघतो. टाकी भरली की पाण्याचेच १६ किलो पाठीवर येतात, वर पंपाचे वजन. तेव्हा पट्टे रुंद आहेत का? कीटकनाशकाला पोकळ शंकूसारखा फवारा देणारा नोझल लागतो आणि तणनाशकाला सपाट पट्टा देणारा. दोन्ही बरोबर येतात का? वॉशर, लान्स, बॅटरी हे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात का? ऐन हंगामात बॅटरी बसली आणि सर्व्हिस सेंटर ३०० किलोमीटरवर असले, तर तो पंप शेतकऱ्याच्या काय कामाचा? आणि सर्वांत महत्त्वाचे, पंपाच्या लिंकशेजारी मास्क, हातमोजे आणि गॉगल यांचा उल्लेख आहे का? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. ज्याने शेतात उभे राहून फवारणी पाहिली आहे, त्याने पंपाची शिफारस करताना संरक्षणाच्या साधनांबद्दल मौन पाळणे गुन्ह्याच्या जवळ जाते.

या दोन उदाहरणांतून निवडीचे चार निकष हाती येतात. वस्तू आपल्या कामाच्या ओळखीची असावी. तिच्यातले खरे-खोटे आपल्याला नेमके सांगता यावे. बिघडली तर दुरुस्ती आणि सुटे भाग गिऱ्हाइकाच्या गावाजवळ मिळावेत. आणि तिची गरज चार महिन्यांत संपणारी नसावी. शेवटचा निकष शिक्षकांनी ध्यानात ठेवावा. शिष्यवृत्ती परीक्षेच्या पुस्तकांची शिफारस करणे हे त्यांना सहज जमण्यासारखे काम. पुस्तके परतही कमी येतात. पण चौथी-सातवीची ही परीक्षा मध्यंतरी पाचवी-आठवीची झाली, तेव्हा जुनी पुस्तके एका फटक्यात निरुपयोगी ठरली. जुनी लिंक तशीच राहिली, तर पालक जुनेच पुस्तक घेणार. दर जूनमध्ये आपली यादी तपासणे हा या कामाचाच भाग आहे.

कोणी म्हणेल, एवढे कशाला? मोठ्या कंपनीच्या दुकानात आहे म्हणजे माल चांगलाच असणार. या भ्रमातून बाहेर या. घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. तरीही हे मानक न पाळणारे कुकर ऑनलाइन विकले जात होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला १ लाख रुपयांचा दंड ठोठावला आणि विकलेले २,२६५ कुकर परत घेऊन गिऱ्हाइकांचे पैसे देण्याचा आदेश दिला. त्याच काळात फ्लिपकार्टविरुद्धही असाच आदेश निघाला. त्यांपैकी एखाद्या कुकरची लिंक तुमची असती, तर? तेव्हा स्वयंपाकघरातले, विजेचे किंवा लहान मुलांचे काही सुचवत असाल, तर मानकाचे चिन्ह स्वतः बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. तारांकित अभिप्रायांवरही विसंबू नका. खोट्या अभिप्रायांचा सुळसुळाट इतका झाला की भारतीय मानक ब्यूरोला नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी वेगळे मानक काढावे लागले.

आता ज्याला हात लावू नये, ते तीन प्रकार. पहिला, रोग बरा करण्याचा दावा करणारा माल. मधुमेह मुळासकट घालवणारा काढा, गुडघे नवे करणारे तेल, मोतीबिंदू विरघळवणारे थेंब. आपल्या वयाच्या लोकांना हा माल हमखास खपवता येतो आणि कमिशनही घसघशीत असते. पण १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय कायद्याने मधुमेह, मोतीबिंदू, कर्करोग अशा अनेक रोगांवरच्या इलाजाची जाहिरात करणेच मना आहे. 'मी फक्त लिंक दिली' हा बचाव तिथे दुबळा आहे.

दुसरा, गुंतवणूक. शेअरच्या टिप्स देणारे ॲप, हमखास परताव्याच्या योजना, क्रिप्टो. निवृत्त बँक अधिकाऱ्याला सगळे पैशांबद्दल विचारतात, म्हणून हा मोह त्याला सर्वांत मोठा. पण गुंतवणुकीचा सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते, आणि नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी संबंध ठेवण्यास सेबीने २०२४ मध्ये दलालांना आणि म्युच्युअल फंडांनाही बंदी घातली. शेजाऱ्याच्या ग्रॅच्युइटीवर आपण कमिशन खाऊ नये, हे तर कायद्याच्याही आधीचे.

तिसरा, 'ॲफिलिएटमधून कमवायला शिका' असे सांगणारे कोर्स. तो कोर्स तुम्ही घ्यायचा, मग तोच कोर्स पुढच्याला विकून त्याचे कमिशन घ्यायचे, त्याने आणखी पुढच्याला विकायचा. माल नावापुरता, कमाई माणसे जोडण्याची. ही साखळी ओळखीची वाटते ना? असल्या प्रकारांसाठीच १९७८ मध्ये पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा झाला, आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजना पुन्हा स्पष्टपणे मना केल्या. एक खूण लक्षात ठेवा : खऱ्या ॲफिलिएट योजनेत नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. जो नोंदणी फी मागतो किंवा 'आधी इतके भरा, मग काम मिळेल' म्हणतो, तिथून उठा. पैसे गेलेच असतील, तर लाजत बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तत्काळ फोन करा.

योग्य माल निवडला, तरी एक गोष्ट उरते : कमिशन मिळते हे सांगणे. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे आस्कीची, याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२१ पासून लागू आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची सरकारी तत्त्वे जून २०२२ मध्ये आली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोट्या जाहिरातीला दुजोरा देणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वर्षभर दुजोरा देण्यास बंदीही येऊ शकते. पण त्याच कायद्याने एक वाट मोकळी ठेवली आहे. दावा खरा आहे याची तुम्ही पुरेशी खातरजमा केली असेल, तर दंड नाही. म्हणून प्रत्येक वस्तूसाठी वहीचे एक पान ठेवा : कधी वापरली, काय तपासले, मानकाचे चिन्ह पाहिले का, दोष कोणता आढळला. ती वही उद्या तुमचा पुरावा आहे.

आणि कबुली मराठीत द्या. इंग्रजी हॅशटॅगच्या गर्दीत ती बुडवू नका. 'या लिंकवरून खरेदी केलीत तर मला कमिशन मिळते,' एवढे साधे वाक्य, अगदी सुरुवातीला. लोक दुरावतील ही भीती खोटी आहे. जे उघड सांगितले, त्यावर कोणी रागावत नाही. जे दडवले आणि नंतर कळले, त्यावर रागावतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, ई-मेलवर किंवा छापील पत्रकावर लिंक देण्याआधी कंपनीच्या अटीही वाचा. अनेक ठिकाणी त्याला मनाई असते.

कराबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण इथे पेन्शनर हमखास गोंधळतात. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या, साठीपुढच्या निवासी नागरिकाला आगाऊ कर भरावा लागत नाही. कमिशन सुरू झाले की ते धंद्याचे उत्पन्न ठरते आणि ही सवलत जाऊ शकते. दुसरे, लहान व्यापाऱ्यांना मिळणारी अंदाजित नफ्याची सोपी योजना कमिशनच्या उत्पन्नाला लागू नाही. त्यामुळे नेहमीचा सोपा फॉर्म चालत नाही. महिन्याला हजार-दोन हजार मिळवायला गेलात आणि सीएची फी त्याहून जास्त झाली, असे होऊ नये. वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून घ्या.

शेवटी मूळ मुद्द्याकडे येतो. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करायचे, माल पारखून एकत्र घ्यायचा आणि आपसांत वाटायचा, ही तिची रीत. दुसऱ्यासाठी माल पारखण्याचे हे काम त्या लोकांनी कमिशनशिवाय केले. आज तेच काम कमिशन घेऊन करता येते. त्यात गैर काही नाही. श्रमाचे मोल घ्यावे. मात्र पारख तीच राहिली पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी की हे काम एकेकट्याने करू नये. याच संघात परिचारिका आहेत, वीज मंडळातले लोक आहेत, कृषी खात्यातले आहेत, शिक्षक आहेत, हिशेब जाणणारे आहेत. पाच-सात जणांचा एक गट करा. गटातल्या कोणालाही एखाद्या वस्तूची लिंक द्यायची असेल, तर त्याने ती वस्तू आणि आपल्या वहीचे पान आधी गटापुढे ठेवावे. विजेच्या वस्तूला वीज मंडळवाल्याने होकार द्यावा, तब्येतीच्या वस्तूला परिचारिकेने, करारातल्या अटी हिशेबनिसाने वाचाव्यात. एकाने जरी 'मी याला जामीन राहणार नाही' म्हटले, तर ती वस्तू यादीतून काढावी, कमिशन कितीही असो. पाचच वस्तूंपासून सुरुवात करा. पैसे थोडे मिळतील. पण मराठीत, आपल्या माणसांसाठी, पारखून केलेली शिफारस आज बाजारात फारशी कुठे मिळत नाही, आणि ती देण्याइतका अनुभव या सभागृहात बसलेला आहे. गटासाठी नावे आज कार्यवाहांकडे द्या.